तुळई चिरा, दार मात्र राहू द्या

"वडिलांचं जुनं घर यंदा उतरवलं. पाडताना मी हट्टानं काही लाकूड बाजूला काढून घेतलं. तीन मोठ्या तुळया, काही खांब, माळ्याच्या हिरव्या रंगाच्या फळ्या आणि दर्शनी खोलीचं दोन झडपांचं कोरीव दार. सगळं सध्या अंगणात ताडपत्रीखाली आहे. त्यातून जेवणाचं टेबल, पुस्तकांचं कपाट आणि मुलीच्या खोलीतला पलंग करावा असं मनात आहे. भाऊ म्हणतो, 'भावनेच्या भरात जागा अडवून ठेवू नकोस, वखारीत विकून टाक.' सुतार म्हणतात, 'सगळं चिरून एकसारख्या पट्ट्या काढू, रंधा मारू, वर झकास पॉलिश. लाकूड जुनं आहे हे कुणाला कळणारसुद्धा नाही.' मुलीला दार कापून पलंगाची उशाकडची फळी करायची आहे. एका खांबाला बारीक भोकं दिसतात, त्याचीही धास्ती वाटते. तुळया खुशाल चिराव्यात असं वाटतं, पण दारावर करवत चालणार म्हटलं की पोटात खड्डा पडतो. हे माझं वेडेपण आहे का? आणि सुरुवात कुठून करू?"
— एक वाचक

प्रिय ताई,

वेडेपण अजिबात नाही. तुळई आणि दार यांत तुमच्या मनानं जो फरक केला आहे तो अगदी बरोबर आहे, आणि पुढची सगळी कामं याच फरकावर उभी करा असं मी सांगेन. तुळई छत पेलण्यासाठी होती. ते छत आता नाही, म्हणजे तिचं काम संपलं आणि ती पुन्हा लाकूड झाली. तिला चिरण्यात काहीही वाईट नाही. दाराचं तसं नाही. कुणीतरी ते विचार करून, मापं जुळवून, कोरून पुरं केलेलं आहे आणि ते आजही पुरं आहे. कापलंत तर हातात येईल ती नक्षीची चार तुकड्यांची फळी. तो कारागीर परत येणार नाही आणि ते तुकडे पुन्हा दार होणार नाहीत. जे मोडलेलं, सुटलेलं, अर्धवट आहे त्यावर करवत चालवा. जे अखंड आहे ते अखंड वापरायची वाट शोधा. मुलीची हौसही त्यातून भागेल, ते पुढे सांगते.

सुरुवात मात्र टेबलापासून करू नका, ताडपत्रीपासून करा, आणि आजच करा. घरात असताना हे लाकूड वर्षानुवर्षं कोरडं होतं. आता ते जमिनीलगत आहे आणि वरून हवाबंद. जमिनीची ओल खालून येते, ताडपत्रीखाली दहिवरासारखी साचते आणि लाकूड ती पिऊन घेतं. बुरशी आणि वाळवी दोघींनाही एवढंच हवं असतं. ताडपत्री काढा. खाली विटा किंवा ठोकळे लावून लाकूड जमिनीपासून वीतभर उचला. प्रत्येक थरामध्ये साधारण दोन-दोन फुटांवर एकसारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवा, आणि त्या पट्ट्या खालच्या थरातल्या पट्ट्यांच्या अगदी वर येतील अशा ठेवा, नाहीतर फळ्यांना बाक येतो. वर पत्रा किंवा ताडपत्री चालेल, पण फक्त छपरासारखी. चारही बाजू मोकळ्या राहू द्या. आणि हे काम एकटीनं करायला जाऊ नका. वाळलेलं सागवान घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास भरतं. तीन मीटर लांब आणि वीस-वीस सेंटिमीटर जाडीरुंदीची तुळई म्हणजे ७५ ते ८० किलो. पाठ धरली तर टेबल राहील बाजूला.

यानंतर घाई करायची नाही. घरातल्या फर्निचरच्या लाकडात ओलावा साधारण ८ ते १२ टक्के असावा लागतो. बाहेर पडून राहिलेलं लाकूड सहज १५-१८ टक्क्यांवर जातं. अशा लाकडाचं टेबल केलं की ते घरात येऊन सुकतं, आणि सुकताना सांधे उघडतात, फळ्या फाटतात. मग लोक म्हणतात, जुनं लाकूडच वाईट होतं. लाकूड वाईट नसतं, ते तयार नसतं. दोन सुयांचं ओलावामापक यंत्र मिळतं, सुताराकडे नसेल तर विकत घेण्यासारखी ती एक वस्तू आहे. यंत्र नसेल तरी एक खात्रीची रीत आहे. एक फळी ज्या खोलीत पुढे फर्निचर ठेवायचं आहे त्याच खोलीत ठेवा आणि दर आठवड्याला तिचं वजन करा. वजन उतरत असेल तोवर ती सुकते आहे. लागोपाठ दोन-तीन आठवडे वजन तेच राहिलं, की ती त्या खोलीच्या हवेशी जुळली असं समजा.

या मोकळ्या दिवसांत लाकूड ओळखून घ्या. प्रत्येक तुळईच्या टोकाची दोन बोटं जाडीची चकती कापा आणि तिचा आडवा छेद बारीक कागदानं घासून पाण्याचा हात फिरवा. धुळकट करडं टोक एकदम बोलायला लागतं. वर्षावर्षाची वलयं दिसतात, मधला गडद गाभा आणि कडेचा फिकट भाग वेगळे होतात. सागवान असेल तर ताजा छेद सोनेरी-तपकिरी दिसतो, हाताला किंचित तेलकट लागतो आणि चामड्यासारखा वास येतो. वलयं दाट असतील तर झाड सावकाश वाढलेलं आहे. अशा जुन्या झाडांच्या खोडात गाभ्याचं लाकूड भरपूर आणि कडेचं फिकट, कच्चं लाकूड कमी असतं. टिकतो तो गाभाच. कडेच्या फिकट भागात कीड आधी शिरते, म्हणून पलंगाचे पाय किंवा टेबलाचे आधार कापताना तो भाग सोडून द्या.

या चकत्या जपून ठेवा, आणि मागे पेन्सिलीनं लिहा: कुठल्या खोलीची तुळई, घर कधी बांधलं असं घरात सांगत. लाकडातल्या वलयांवरून काळ ठरवण्याचं एक पूर्ण शास्त्र आहे. अमेरिकेत ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञानं ते उभं केलं, आणि १९२९ साली ॲरिझोनातल्या शो लो गावी सापडलेल्या एका जळक्या तुळईच्या वलयांमुळे नैर्ऋत्येकडच्या प्राचीन वस्त्या कोणत्या वर्षी बांधल्या हे सांगता येऊ लागलं. तोवर त्या वस्त्यांचं वय अंदाजानंच सांगितलं जात होतं. जावा बेटावरच्या सागवानावरही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच असं काम झालेलं आहे. तुमची चकती कुणी शास्त्रज्ञ मागायला येईल असं नाही, पण तुमच्या मुलीला तिच्या टेबलाचं झाड निदान किती वर्षं वाढलं हे मोजता येईल. एकदा तुळई चिरून फळ्या झाल्या की हे मोजणं अवघड होतं.

आता त्या भोकांविषयी. भोकं दिसली म्हणजे कीड आहे असं नाही, कधीतरी होती एवढंच त्यातून कळतं. भुंग्याची अळी लाकडाच्या आत राहते आणि पूर्ण वाढलेला किडा बाहेर पडताना भोक पाडतो. भोक म्हणजे बाहेर जायचं दार. प्रश्न असा की आत अजून कुणी उरलं आहे का. खांब झाडून, कुंच्यानं भोकं स्वच्छ करून, कोरड्या जागी काळ्या कागदावर आडवा ठेवा आणि महिनाभर हलवू नका. मध्येमध्ये नुसतं बघा. कागदावर पिठासारखी ताजी पांढुरकी भुकटी पडली तर आत कीड जिवंत आहे. भोकाच्या कडाही पाहा. ताज्या भोकाची कड धारदार असते आणि आतला रंग फिकट, जुनं भोक आतून काळवंडलेलं असतं. एक-दोन मिलिमीटरची भोकं आणि मैद्यासारखी मऊ भुकटी असेल तर तो बहुधा कडेच्या कच्च्या लाकडातला स्टार्च खाणारा भुंगा. गाभ्यात त्याला खायला फारसं काही नसतं, त्यामुळे पुष्कळदा तेवढी कड तासून टाकली की प्रश्न मिटतो. एक दाभण घेऊन खांब जागोजागी टोचून पाहा. खणखणीत लाकडात टोक शिरत नाही. कुजलेल्या जागी ते लोण्यात गेल्यासारखं जातं, आणि तिथे खांबावर बोटानं टकटक केली तर आवाजही पोकळ येतो.

कीड जिवंत निघाली तर तो खांब बाकीच्या लाकडापासून लगेच दूर करा. दोन उपाय भरवशाचे आहेत. एक उष्णतेचा. आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीतल्या लाकडी खोक्यांसाठी जो नियम आहे त्यात लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवावा लागतो. लाकूड सुकवण्याची भट्टी असलेल्या ठिकाणी हे करून मिळतं. उन्हात ठेवून हे होत नाही, कारण वरचा पृष्ठभाग तापला तरी जाड खांबाचा गाभा तेवढा तापत नाही. दुसरा उपाय बोरॉनच्या क्षारांचा. ते पाण्यात विरघळवून उघड्या लाकडावर पुन्हा पुन्हा लावायचे, म्हणजे आत मुरतात. यासाठी लाकडावर रंग किंवा पॉलिश असता कामा नये. रॉकेल ओतायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. तो ऐकू नका. घरभर वास राहतो, आगीचा धोका वाढतो आणि लाकडाला पुढचं संरक्षण काहीच मिळत नाही.

तुमच्या पत्रात भोकांची धास्ती आहे, पण मला धास्ती वाटली ती हिरव्या रंगाची. जुन्या तैलरंगांत शिसं सर्रास असे. पांढऱ्या रंगात शिशाचा सफेदा असे, आणि पिवळ्या, नारिंगी, हिरव्या छटांसाठी शिशाचं क्रोमेट वापरत. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली ती १९७८ साली, इतर बऱ्याच देशांत त्याहूनही उशिरा. म्हणजे जुन्या घराच्या जुन्या रंगात शिसं आहे असंच धरून चाला, तपासणीत नाही निघालं तर उत्तम. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो, आणि शिशाची अमुक मात्रा सुरक्षित आहे असं जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. भिंतीवर गुपचूप बसलेला रंग फारसा त्रास देत नाही. तुम्ही घासकागद लावला किंवा मशीन फिरवलं की त्याची धूळ होते, आणि ती धूळ कपड्यांवर, केसांवर बसून घरभर जाते.

म्हणून या फळ्यांना कोरडा घासकागद लावू नका आणि सुतारांनाही लावू देऊ नका. आधी एका कोपऱ्यातला रंग थरांसकट खरवडून प्रयोगशाळेत तपासून घ्या. शिसं निघालं तर दोन वाटा आहेत. पहिली, रंग काढायचा. त्यासाठी लाकूड ओलं करून पत्तीनं खरवडायचं किंवा रंग सोडवणारं रसायन लावायचं. काम घराबाहेर करायचं, खाली प्लास्टिक अंथरायचं, तोंडाला साधं फडकं बांधून न भागवता बारीक धूळ अडवणारा पक्का मास्क घालायचा, कामाचे कपडे वेगळे धुवायचे, आणि मुलांना, गरोदर बायकांना त्या जागेच्या जवळपास फिरकू द्यायचं नाही. ज्वाला किंवा अती गरम हवा वापरून रंग जाळायचा नाही, शिशाची वाफ होते. दुसरी वाट, या फळ्या वापरायच्याच नाहीत. मुलीच्या पलंगासाठी आणि जेवणाच्या टेबलासाठी तर नाहीच. तुमच्याकडे तुळयांचं लाकूड भरपूर आहे. मला विचाराल तर फळ्यांचा मोह सोडा.

तुम्ही जुनं लाकूड शोधताय हे एकदा कळलं की लोक आणखी लाकूड आणून देतात. त्यात रेल्वेचे जुने स्लीपर आले तर नाही म्हणा. त्यात मुरवलेलं क्रिओसोट, म्हणजे डांबरापासूनचं विषारी तेल, घरात असू नये. कितीही तासलं तरी ते खोलवर उरतं आणि उन्हाळ्यात वर येतं.

आता खिळे. हे काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं आहे. मोडून आत राहिलेला एक खिळा रंध्याच्या मशीनची पाती घालवतो, करवतीचा दात उडवून माणसाच्या अंगावर टाकतो. कुठल्याही चिराईच्या कारखान्यात जुनं लाकूड नेलंत की ते आधी खिळ्यांचंच विचारतील, आणि ते बरोबरच आहे. लोहचुंबक सगळ्या अंगांवरून सावकाश फिरवा, पण नुसत्या त्यावर विसंबू नका. लाकडात बोटभर खोल गेलेला खिळा चुंबक पकडत नाही, तिथे धातुशोधक यंत्र लागतं. डोळ्यांनाही एक खूण दिसते. लोखंडाभोवती लाकूड निळसर काळं पडतं. डाग दिसतो आहे आणि खिळा दिसत नाही, म्हणजे तो आत आहे. काढताना पक्कडीनं थेट ओढू नका, डोकं तुटून खिळा आत राहतो. आधी डोक्यावर एक हलका ठोका द्या, गंजाची पकड सुटते, मग खाली कपची ठेवून उपटा, म्हणजे लाकडावर दाब उमटत नाही. टोक दुसऱ्या बाजूनं बाहेर आलं असेल तर तिकडून ठोकून डोकं वर आणा. जुन्या घरांत हातानं घडवलेले चौकोनी खिळे निघतात. ते एका डब्यात ठेवा, दाराच्या डागडुजीला तेच शोभतील.

एवढं झालं की मग काय बनवायचं ते ठरवा. सुतारांचा बेत इथेच चुकतो. त्यांनी वस्तू आधी ठरवली आणि लाकूड तिच्या मापानं कापायला निघाले. नव्या लाकडाला ते चालतं. जुन्या लाकडात लांब, सरळ, निर्दोष तुकडा हीच दुर्मीळ गोष्ट असते, आणि एकदा तो दोन फुटांचा केला की परत लांब होत नाही. म्हणून आधी सगळं लाकूड अंगणात मांडा, प्रत्येक नगाची लांबी, रुंदी, भेगा, खोबणी वहीत उतरवा आणि सगळ्यात लांब वस्तूचं लाकूड सगळ्यात आधी बाजूला ठेवा. तुमच्या बाबतीत ती वस्तू टेबल आहे.

हिशेब करून दाखवते. वीस-वीस सेंटिमीटरची तीन मीटर लांब तुळई बँडसॉवर, म्हणजे पट्ट्याच्या यांत्रिक करवतीवर, चिरली तर अडीच सेंटिमीटर जाडीच्या सात फळ्या निघतात, खोल भेगांमुळे एखादी बाद झाली तर सहा. १८० सेंटिमीटर लांब, ९० रुंद असं सहा जणांचं टेबल करायला कडा सरळ केल्यावर पाच फळ्या पुरतात. वर प्रत्येक फळीचा सव्वा मीटरच्या आसपासचा तुकडा उरतो, आणि तो कपाटाला जातो. एका तुळईत टेबलाचा माथा आणि कपाटाचे बरेच कप्पे! चिरताना हव्या त्या जाडीपेक्षा पाच-सहा मिलिमीटर जास्त ठेवायला सांगा. शंभर वर्षं एका ताणात बसलेलं लाकूड उघडलं की वाकतं, पिळतं. फळ्या पुन्हा पट्ट्यांवर रचून काही आठवडे राहू द्या, काय वाकायचं ते वाकू द्या, आणि मग शेवटच्या जाडीला आणा. तुळईच्या सगळ्यात बाहेरच्या दोन फळ्यांची एक बाजू जुनीच राहील, हातानं तासल्याच्या खुणांसकट. त्या बाजूला रंधा लागू देऊ नका. त्या फळ्या कपाटाच्या दर्शनी कडांना किंवा टेबलाखालच्या आडव्या पट्टीला लावा, जिथे डोळ्यांना दिसतील पण ताटाखाली येणार नाहीत.

माथा टेबलाच्या सांगाड्याला खिळून किंवा चिकटवून पक्का करायचा नाही, हे सुतारांना आवर्जून सांगा. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत दमट आणि कोरड्या हवेबरोबर फुगतं-आकसतं, कितीही जुनं असलं तरी. ९० सेंटिमीटर रुंदीच्या सागवानी माथ्यातला ओलावा चार टक्क्यांनी बदलला तर रुंदी सहा-सात मिलिमीटरनं बदलू शकते. तेवढी जागा मिळाली नाही तर माथा स्वतः फाटून ती जागा करून घेतो. खालच्या पट्टीत स्क्रूसाठी गोल भोकाऐवजी लांबट खाचा ठेवल्या की माथा सुखानं सरकतो. सागवान तेलकट असतं, म्हणून सांधे चिकटवताना कडा त्याच दिवशी रंधलेल्या असाव्यात आणि गोंद लावण्याआधी थिनरनं पुसलेल्या असाव्यात. उंची ७५ सेंटिमीटरच्या आसपास, आणि एका माणसाला बसायला किमान ६० सेंटिमीटर. पण सगळ्याच्या आधी जिन्याचं वळण आणि घराचं दार मोजा. माथा वर चढतच नाही हे शेवटी कळून उपयोग नाही.

कपाटाला एकच गोष्ट सांभाळा. पुस्तकं फार जड असतात, कप्पा लांब झाला की त्याला बाक येतोच. लांबी दुप्पट केली तर बाक सोळापट होतो, जाडी दुप्पट केली तर तो आठवा हिस्सा राहतो. दोन सेंटिमीटर जाडीच्या फळीला ७५-८० सेंटिमीटरहून लांब जाऊ देऊ नका. बाकी कपाट सोपं आहे.

पलंगाला खांब वापरा. खांबांवर जुन्या जोडांच्या खोबणी असतील. सुतारांना त्या लाकडाचे तुकडे ठोकून बुजवाव्याशा वाटतील, कारण त्यांच्या नजरेला ते भोक आहे. त्यांना थांबवा. त्या खोबणीत कधीतरी एक कूस, म्हणजे दुसऱ्या लाकडाचं तासलेलं टोक, बसली होती आणि तिच्यावर घराचं वजन होतं. मजबुतीला धक्का लागत नसेल तिथे खोबण उघडीच राहू द्या. कुठे नवा तुकडा बसवावा लागलाच तर तो व्यवस्थित बसवा, पण जुना दिसावा म्हणून रंगवू नका. १९६४च्या व्हेनिस सनदेत जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीसाठी असाच नियम आहे: गेलेल्या भागाच्या जागी बसवलेला भाग एकूण रूपाशी मिळताजुळता असावा, तरीही मूळ भागापासून वेगळा ओळखू यावा. घरातल्या फर्निचरला तो कुणी लावा म्हणत नाही, मी मात्र लावा म्हणते. लबाडी न करता केलेली दुरुस्ती जुन्या लाकडावर छान दिसते. पलंगाच्या लांब पट्ट्या पायांना बोल्टनं जोडा, म्हणजे घर बदलताना पलंग सुटा करता येईल.

आणि मुलीचं दार. दोन्ही झडपा पलंगामागे भिंतीला उभ्या लावा, शेजारी शेजारी, पूर्ण उंचीच्या. वजन खालच्या लाकडी ठोकळ्यावर पडू द्या. भिंतीतली पट्टी फक्त त्या पुढे पडू नयेत एवढ्यासाठी, आणि दाराकडचे स्क्रू बिजागऱ्यांच्या जुन्या भोकांतच बसवा. दारात एकही नवं भोक पडणार नाही. मुलीला उशाशी तिच्या आजोबांचं दार मिळेल, कडी-कोयंड्यासकट, आणि उद्या तिला दुसऱ्या घरात ते खरंच दार म्हणून लावावंसं वाटलं तर लावता येईल. तिला कापण्याआधी एकदा असं उभं करून दाखवा. बहुतेक ती स्वतःच करवत नको म्हणेल. दारावर आधी रंगाचे थर असतील तर मात्र मुलीच्या खोलीत नेण्याआधी तेही तपासायला द्या.

पॉलिशबद्दल थोडक्यात. जुन्या लाकडाचा वरचा रंग हवेनं, उन्हानं, हातांच्या स्पर्शानं आलेला असतो आणि तो अगदी पातळ थरात असतो. रंधा एकदा फिरला की तो गेला, तो कुठल्याही बाटलीत मिळत नाही. दाराला आणि जुन्या बाजूंना फक्त मऊ कुंचा, ओलसर फडकं आणि शेवटी मेणाचा पातळ हात पुरे. टेबलाच्या माथ्यावर लाखेचं पॉलिश लावू नका, गरम भांड्याचा आणि पाण्याचा डाग पडतो. तिथे मेणमिश्रित कडक तेल किंवा चमक नसलेलं पॉलियुरेथेन घ्या. माथ्यावरची खिळ्यांची भोकं गडद इपॉक्सीनं भरा, नाहीतर त्यात खरकटं बसेल. कपाटावरची तशीच राहू द्या. तेल पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अशा तेलांत पुष्कळदा असणारं जवसाचं तेल सुकताना आपोआप तापतं आणि अशा बोळ्यांनी खरोखर आगी लागलेल्या आहेत. फडकी बाहेर एकेक पसरून वाळू द्या, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका. घासण्याचं काम चालू असताना सुतारांना मास्क द्या आणि ते तो घालतात ना हे पाहा. लाकडाची धूळ १९९५ सालापासून कर्करोगकारक म्हणून नोंदलेली आहे.

सुतारांवर रागावू नका, ताई. एकसारख्या पट्ट्या काढून वर झकास पॉलिश मारणं हे काम ते रोज करतात, गिऱ्हाईकही रोज तेच मागतं. तुम्ही मागताय ते काम हळू आहे, त्यात प्रत्येक फळी वेगळी आहे, आणि नगावर ठरवलेल्या मजुरीत ते परवडत नाही. रोजावर ठरवा. पहिल्याच दिवशी ताजा छेद असलेली चकती त्यांच्या हातात द्या. चांगला सुतार ती बघून दोन मिनिटं काही बोलत नाही, आणि मग तुमच्यापेक्षा त्यालाच त्या लाकडाची जास्त काळजी वाटू लागते. तसं झालं नाही तर दुसरा सुतार बघा.

भावाचं म्हणणं जागेपुरतं खरं आहे. लाकूड वर्षानुवर्षं अंगणात पडून राहणार असेल तर ते कुजेल, आणि त्यापेक्षा वखारीत गेलेलं बरं. म्हणून त्यांना तारीख द्या: अमुक महिन्यात चिराई, अमुक महिन्यात टेबल. आणि एक तुळई त्यांच्यासाठी ठेवा. आज नको म्हणतील, टेबल पाहिल्यावर मागतील.

शेवटी उरणाऱ्या तुकड्यांचं. स्वच्छ, न रंगवलेले तुकडे एका पेटीत ठेवा. पुढे कधी टेबलाची कड फुटली तर जुळणारं लाकूड त्याच पेटीतून निघेल. हिरव्या फळ्यांचे तुकडे मात्र शेकोटीत, बंबात किंवा चुलीत अजिबात घालू नका, कुणाला जळणासाठीही देऊ नका. शिसं जळत नाही, ते धुरात आणि राखेत जातं. रंग तपासायला द्याल तेव्हाच अशा लाकडाची विल्हेवाट कुठे लावतात तेही विचारून घ्या.